मितभाषी आणि सतत काहीतरी अभ्यासत बसणाऱ्या माणसाला समजून कसे घ्यावे?

सातारकरीण

माझ्या लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत. नवरा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत मापन-उपकरणांचे कॅलिब्रेशन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि मी शाळेत भूगोल शिकवते. तो निर्व्यसनी आहे, तापट नाही, व्यवहाराला चोख आहे, माझ्या नोकरीला किंवा माहेरी जाण्याला त्याने कधी आडकाठी केली नाही. त्यामुळे मनातले कोणापाशी बोलून दाखवले तर ‘एवढे चांगले स्थळ मिळाले तरी हिचे रडगाणे संपत नाही’ असेच ऐकून घ्यावे लागते. माझी तक्रार एवढीच आहे की तो घरात असून नसल्यासारखा असतो.

संध्याकाळी साडेसहाला तो घरी येतो, चहा घेतो आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जो बसतो तो पाने वाढली म्हणून हाक मारेपर्यंत उठत नाही. त्या टेबलावर काय चालू असेल याचा नेम नसतो. एक वर्ष मोडी लिपी होती, त्यानंतर दीड वर्ष लंबकाची जुनी घड्याळे होती आणि सध्या दगडफूल आहे. दिवाळीच्या आधी मी गोड्या मसाल्याचे सामान निवडत बसले होते, तेव्हा त्याने ताटातले दगडफूल उचलले, भिंग आणून पाच मिनिटे न्याहाळले आणि मग सलग चाळीस मिनिटे मला सांगितले की ही एकटी वनस्पती नव्हेच, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला हा संसार आहे, ज्यात बुरशी घर बांधते आणि शैवाल उन्हात बसून स्वयंपाक करते. इतका बोलका नवरा मी वर्षभरात पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात मी त्याला विचारले की मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मी अर्ज करावा का, तर ‘विचार करून सांगतो’ एवढे बोलून तो उठून गेला. चार दिवसांनी, मी विचारल्याचे विसरूनही गेले होते तेव्हा, भाजी चिरताना शेजारी येऊन उभा राहिला आणि अर्ज का करावा याची तीन कारणे व करण्याआधी काय तपासावे याच्या दोन गोष्टी एका दमात सांगून गेला. पाचही गोष्टी बिनतोड होत्या, पण मला त्या दिवशी कारणे नको होती, ‘तुला जमेल’ एवढे दोन शब्द हवे होते.

खरा सल मात्र वेगळाच आहे. गेल्या वर्षी माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले आणि साताऱ्याला तिची शस्त्रक्रिया झाली. त्या नऊ दिवसांत आमचे सगळे गोत रुग्णालयात लोटले होते आणि जावई मात्र मार्गिकेच्या टोकाच्या बाकावर कागद चाळत बसलेला होता. तो आईच्या उशाशी बसला नाही, तिचा हात हातात घेतला नाही, माझ्या पाठीवरूनही हात फिरवला नाही. मामी मला म्हणाल्या, ‘जावई अगदी मिठाची गुळणी धरून बसलेत.’ घरी आल्यावर महिन्याभराने मला त्याची वही सापडली. पेन्सिलीने आखलेल्या रकान्यांत आईच्या प्रत्येक औषधाचे नाव, त्यातला घटक, वेळ, आणि दिल्यावर तिला कसे वाटले हे दिवसवार लिहिलेले होते. एका पानावर दोन नावांभोवती वर्तुळ होते आणि खाली लिहिले होते, ‘घटक एकच. डॉक्टरांना विचारले. जुनी बंद.’ म्हणजे रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी आईच्या पोटात जात होती आणि ते त्याने ओळखून थांबवले होते, पण मला त्यातले एक अक्षर सांगितले नव्हते. ती वही हातात घेऊन मी रडले, आणि ते रडणे कृतज्ञतेचे होते की रागाचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अलीकडे शिक्षकांसाठी झालेल्या एका कार्यशाळेत एनिआग्रॅम नावाची पद्धत शिकवली. तिच्यात माणसांचे नऊ प्रकार मानतात. त्यांतल्या पाचव्या, म्हणजे निरीक्षकाच्या प्रकाराचे वर्णन ऐकताना मला वाटले की कोणीतरी आमच्या घरात डोकावून ते लिहिले आहे. या पद्धतीवर कितपत विसंबावे, आणि अशा माणसाबरोबर राहणाऱ्याने नेमके काय समजून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

उंबरठा

हे वर्णन तुमच्या नवऱ्याने स्वतः वाचले आहे का? या पद्धतीत प्रकार ज्याचा त्याने ओळखायचा असतो, दुसऱ्याने चिकटवायचा नसतो, असे मी ऐकले आहे.

सातारकरीण

वाचले आहे. वाचून झाल्यावर त्याने ‘या मांडणीचा मूळ स्रोत काय आहे?’ असे विचारले आणि पुढचे दोन दिवस त्याच विषयावर वाचत बसला. यातून काय ते समजून घ्यावे.

नवकोन

मी काही वर्षे या पद्धतीचा अभ्यास करतो आहे, म्हणून आधी त्या मूळ स्रोताचेच उत्तर देतो, कारण ते मिळाल्याखेरीज तुमच्या घरात पुढचे काही पटण्यासारखे दिसत नाही. या पद्धतीला जिच्यावरून नाव मिळाले ती नऊ टोकांची आकृती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुर्जिएफ या गूढवादी गुरूंनी पाश्चात्त्यांपुढे मांडली, पण माणसांचे प्रकार पाडण्यासाठी त्यांनी तिचा वापर केला नव्हता. ते काम मूळचे बोलिव्हियाचे असलेल्या ऑस्कर इचाझो यांचे. १९७० च्या सुमारास चिलीच्या उत्तरेला असलेल्या आरिका या गावी त्यांच्याकडे काही मंडळी शिकायला गेली, त्यांत चिलीचेच मनोविकारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो होते, आणि त्यांनी पुढे कॅलिफोर्नियात शिकवताना या प्रकारांना मानसशास्त्राची परिभाषा दिली. प्रत्येक प्रकाराच्या मुळाशी एक विकार मानलेला आहे, आणि त्या कल्पनेचे नाते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने सांगितलेल्या आठ कुविचारांपर्यंत नेता येते. षड्रिपूंच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकाला त्यात परके काही वाटू नये.

पाचव्या प्रकाराचा विकार लोभ हा आहे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. हा लोभ पैशाचा नसतो. तो वेळेचा, शक्तीचा आणि एकांताचा असतो. दुष्काळी तालुक्यात जिथे टँकर आठवड्यातून एकदा येतो, तिथली बाई तांब्यातांब्याचा हिशेब ठेवते. शेजारीण कळशी घेऊन दारात आली की तिच्या कपाळावर आठी पडते, ती कंजूष असते म्हणून नव्हे, तर पुढचा टँकर कधी येईल याचा तिला भरवसा नसतो म्हणून. या प्रकारच्या माणसाला स्वतःच्या आतल्या साठ्याबद्दल तसे वाटत असते. चार माणसांत तासभर बसणे, कोणाच्या दुःखाला शब्द देणे, अनपेक्षित प्रश्नाला जागच्या जागी उत्तर देणे, हे सगळे त्या साठ्यातून जाते आणि परत कधी भरेल हे त्याला ठाऊक नसते. ज्ञान जमवण्यामागेही हेच आहे: जितके आपल्याला कळेल तितके जगाकडे मागायला जावे लागणार नाही, आणि पुरते कळेपर्यंत आपण मैदानात उतरायला लायक नाही, अशी ती धारणा असते.

भावना त्याला नसतात हे खोटे आहे. त्या प्रसंगाच्या वेळी बाजूला सारल्या जातात आणि एकटेपणी, कधी दोन-चार दिवसांनी, पोहोचतात. तुमच्या अर्जाचे उत्तर चार दिवसांनी आले ते याच रीतीला धरून आहे. डॉक्टरांना त्याने परस्पर जाऊन विचारले, यात मला आठव्या प्रकाराचा धीटपणा दिसतो. पाचवा माणूस सावरलेला असला की तो त्या बाजूला झुकतो, असे ही पद्धत मानते. उलट ताणाखाली तो सातव्याकडे, म्हणजे एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याकडे, जातो असे म्हणतात. मोडी, घड्याळे आणि दगडफूल या बदलांच्या वेळी घरात किंवा नोकरीत काय चालले होते, हे एकदा आठवून पाहावे.

व्यवहारात एकच सुचवतो. त्याच्याकडे काही मागताना ते किती लागणार आहे हे आधी सांगावे. ‘आपण कधी बोलतच नाही’ हे वाक्य त्याच्या कानावर तळ नसलेल्या कळशीसारखे पडते. ‘जेवणानंतर वीस मिनिटे मला आईबद्दल बोलायचे आहे, उपाय नको, नुसते ऐक’ असे म्हटले की त्याला मोजून देता येते, आणि मोजून द्यायला लागलेला माणूस पुढे न मोजताही देतो, असे मी काही घरांत पाहिले आहे.

चाचपणी

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. नवकोन यांची टँकरची उपमा मला आवडली, परंतु उपमा पटली म्हणजे सिद्धान्त सिद्ध झाला असे होत नाही. ‘कोणीतरी आमच्या घरात डोकावून लिहिले आहे’ हे वाक्य वाचताच मला बर्ट्रम फोरर आठवले. १९४८ मध्ये या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. सर्वांच्या हातातला मजकूर मात्र एकच होता. पाचव्या प्रकाराचे वर्णन इतके मोघम नाही हे मान्य, तरीही माणसांचे नऊ वेगवेगळे कप्पे खरोखर असतात याला संशोधनाचा आधार फारच तोकडा आहे. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द रूढ केले, तेव्हा त्यांनीही प्रकारच मांडले होते. अंतर्मुख विचारवंताचा नमुना म्हणून त्यांनी कांट यांचे आणि बहिर्मुखाचा म्हणून डार्विन यांचे नाव घेतले. आज आम्ही कप्प्यांऐवजी पट्ट्या वापरतो. माणूस अंतर्मुख असतो किंवा नसतो असे नव्हे, तो त्या पट्टीवर कुठेतरी असतो, आणि बहुतेक सगळे मधल्या भागात असतात.

तुमच्या नवऱ्याच्या स्वभावात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या एकच आहेत असे समजल्याने गोंधळ होतो आहे. पहिली म्हणजे अंतर्मुखता. दुसरी म्हणजे विचार करण्यातच सुख वाटणे. तिला कॅसिओप्पो आणि पेटी यांनी १९८२ मध्ये ‘विचाराची गरज’ असे नाव देऊन ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येत नाहीत. आपल्याकडचे उत्तम उदाहरण इतिहासाचार्य राजवाडे यांचे आहे. ज्ञानाची तहान म्हणाल तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढून पुढे २२ खंडांपर्यंत नेणारा हा माणूस, पण त्यांना मितभाषी कोण म्हणेल? अनोळखी घरांचे उंबरठे झिजवून दप्तरे मागणे, सडेतोड लिहून वाद ओढवून घेणे, स्वतः स्थापलेल्या मंडळाशी न पटल्याने पुणे सोडून धुळ्याला जाऊन राहणे, हे अंगचोर माणसाचे काम नव्हे. उलट ज्यांना कुठल्याच विषयाची विशेष ओढ नाही आणि तरीही गप्प राहणे आवडते, अशी माणसेही तुम्हाला प्रत्येक कुटुंबात सापडतील.

खरे तर या बाबतीत आपली मराठी परकीय प्रकारांपेक्षा अधिक बारीक भेद करते, फक्त आपण शब्द सैलपणे वापरतो. भिडस्त माणसाला नकार देता येत नाही. मुखदुर्बळाला बोलायचे असते पण ऐनवेळी शब्द फुटत नाहीत. माणूसघाण्याला माणसेच नकोशी होतात, एकलकोंड्याला ती नसली तरी चालतात. घुम्याच्या गप्प राहण्यात थोडा रुसवा असतो आणि आतल्या गाठीच्या माणसाच्या गप्प राहण्यात थोडा डाव. दगडफुलावर चाळीस मिनिटे बोलणारा, बायकोच्या प्रश्नावर चार दिवस विचार करणारा आणि सासूच्या औषधांचा हिशेब ठेवणारा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. तो मितभाषी आहे, आणि मितभाषी हा शब्द आपण दोष म्हणून वापरत नाही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्यावे. स्वभाव हा वर्षानुवर्षे साधारण तसाच राहतो. जर एखादा माणूस गेल्या काही महिन्यांतच गप्प झाला असेल, त्याच्या आवडीचे विषयही त्याला नकोसे झाले असतील, झोप आणि भूक बदलली असेल, तर ते व्यक्तिमत्त्व नव्हे, आजार असू शकतो, आणि अशा वेळी ‘त्याचा प्रकारच तसा’ म्हणून स्वस्थ बसणे महागात पडते. तुमच्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

वर ज्या माणसाविषयी एवढे लिहिले गेले आहे तसाच मी एक आहे, म्हणून आतल्या बाजूने दोन शब्द लिहितो. हे लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

लोकांचा समज असतो की आम्हाला बोलता येत नाही. मी रोज साठ मुलांपुढे दोन तास बोलतो आणि मला त्याचा त्रास होत नाही, कारण काय बोलायचे ते मला ठाऊक असते. त्रास होतो तो जिथे बोलण्याला विषय नसतो तिथे. लग्नाच्या मांडवात कोणी ‘मग, काय म्हणता?’ असे विचारले की मी खरोखरच विचार करू लागतो की मी काय म्हणतो आहे, आणि तोवर विचारणारा पुढच्या माणसाकडे वळलेला असतो. दुःखाच्या प्रसंगी हेच शंभर पटींनी होते. माझ्या एका जवळच्या मित्राचे वडील गेले तेव्हा मी त्याला भेटायला गेलो नाही. तिथे जाऊन म्हणायची जी वाक्ये असतात ती मला त्याच्या दुःखापुढे इतकी खोटी वाटत होती की माझे पाऊल उचलेना. त्याऐवजी मी तीन रात्री बसून त्याच्या आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाला कोणकोणते कागद लागतील, कोणत्या क्रमाने लागतील, कुठे अडचण येऊ शकते, याचे टिपण तयार केले आणि त्याला पाठवले. मला वाटत होते की मी त्याच्यासाठी पुष्कळ केले. वर्षभराने तो म्हणाला, ‘कागद कामाला आले, पण तू आला नाहीस.’ त्याचे बरोबर होते. माझे चूक होते असे मात्र मला त्या वेळी कळले नव्हते, आणि कोणी स्पष्ट सांगितल्याखेरीज कळलेही नसते.

तुमच्या नवऱ्याच्या वहीविषयी वाचताना मला हेन्री कॅव्हेंडिश आठवले. १७९७-९८ मध्ये लंडनजवळच्या क्लॅपम येथे राहत्या घराच्या आवारात या शास्त्रज्ञाने पृथ्वीची घनता मोजली. प्रत्येकी सुमारे १५८ किलो वजनाचे दोन शिशाचे गोळे त्यांच्याजवळ टांगलेल्या लहान गोळ्यांना किती ओढतात, हे त्याला पाहायचे होते. ती ओढ इतकी क्षीण होती की खोलीत माणूस उभा राहिला तर त्याच्या अंगच्या उष्णतेने हवेत झुळूक उठून सगळे मोजमाप बिघडले असते. म्हणून कॅव्हेंडिशने खोली बंद केली आणि भिंतीतून दुर्बीण बसवून बाहेर उभे राहून निरीक्षणे घेतली. पृथ्वी पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट घन आहे हे त्याने काढलेले उत्तर आजच्या उत्तराच्या अगदी जवळ आहे. रुग्णालयातला मार्गिकेच्या टोकाचा तो बाक म्हणजे मला ती दुर्बीण वाटते. आम्हाला जे नीट पाहायचे असते त्या खोलीत आम्ही शिरत नाही. फरक इतकाच की शिशाच्या गोळ्यांना कोणी आत आले नाही याचे वाईट वाटत नाही.

नवकोन यांनी लोभाविषयी लिहिले आहे त्यालाही या माणसाचे आयुष्य साक्ष आहे. कॅव्हेंडिशने विजेवर केलेले कितीतरी काम लिहून ठेवले आणि छापलेच नाही. तो १८१० मध्ये वारला आणि ते कागद भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर त्यांतले शोध इतरांनी पुन्हा लावलेले होते. आपल्याला कळले, तेवढ्याने काम पुरे झाले, असे त्याला वाटत असावे. दोन नावांच्या त्या गोळीचे तुम्हाला न सांगणे याच जातीचे आहे. त्यात लपवाछपवी नव्हती. प्रश्न सुटला, वहीत नोंद झाली, आता सांगायचे काय उरले, असा तो हिशेब असतो.

हाच कॅव्हेंडिश रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींच्या जेवणाला मात्र नेमाने जात असे. तिथे त्याच्याशी कसे बोलावे याविषयी एका सहकारी शास्त्रज्ञाचा सल्ला प्रसिद्ध आहे: त्याच्याकडे पाहू नका, समोरच्या पोकळीशी बोलल्यासारखे बोला. मी हे वाचले तेव्हा हसलो, आणि मग लक्षात आले की माझ्या बायकोशी माझी सगळी महत्त्वाची बोलणी मटार सोलताना, गच्चीवर वाळवण उचलताना किंवा गाडी चालवताना झाली आहेत. समोरासमोर बसून, डोळ्यांत पाहून ‘बोल’ म्हटले की मी परीक्षेला बसतो. हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की शब्द आपोआप येतात. तुम्ही भाजी चिरत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला, हे मला फार ओळखीचे वाटले.

माजघर

सातारकरीण, मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, तेव्हा अगं-तुगं केलेले चालेल असे धरते. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली आणि आमचे हे तुझ्या नवऱ्याच्या पंक्तीतलेच आहेत. सगळ्यांचे लिहिणे वाचले आणि पुष्कळसे पटलेही, पण एक गोष्ट खटकली. प्रत्येकाने तुलाच शिकवले आहे: असे विचार, तसे विचार, त्याच्याकडे न पाहता बोल. त्याने काय शिकायचे ते कोणीच लिहिले नाही. प्रकार पाचवा असो की पन्नासावा, सासू आजारी असताना पाच मिनिटे तिच्या उशाशी बसणे हे शिकता येण्यासारखे काम आहे, आणि जो माणूस वर्षभरात मोडी शिकतो त्याला ते शिकायला वर्ष लागू नये.

आमच्याकडे माझी बहीण आली की हे आत निघून जात. मी भांडून पाहिले, रुसून पाहिले, काही झाले नाही. मग एकदा शांतपणे सांगितले की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत बाहेर बसायचे, तिच्या मुलांची नावे घेऊन चौकशी करायची, त्यानंतर आत गेलात तर मी एक शब्द बोलणार नाही. ते त्यांनी नोकरीतला नियम पाळावा तसे पाळले. पहिली दोन वर्षे ते पाळणे दिसत असे. नंतर दिसेनासे झाले, आणि आता बहीण निघाली की हेच म्हणतात, ‘इतक्यात?’

माझी चूक सांगते, ती तू करू नकोस. यांना काय वाटते हे ओळखण्यात मी इतकी तरबेज झाले की मी यांची दुभाषी बनले. मुलांनी मला विचारायचे, ‘बाबा रागावलेत का?’ आणि मी सांगायचे. वीस वर्षे यांना स्वतःच्या मुलांशी बोलायची गरजच पडली नाही, कारण मधे मी होते. लेक पुण्याहून फोन करायची तर हे ‘आईला देतो’ एवढे बोलून फोन माझ्या हातात ठेवायचे. एके दिवशी फोन वाजला तेव्हा मी मुद्दाम गच्चीवर गेले. खाली आले तर फोन चालूच होता, आणि हे तिला कोथिंबीर आठवडाभर ताजी कशी ठेवावी ते टप्प्याटप्प्याने सांगत होते. बारा मिनिटे. नंतर ती मला म्हणाली की बाबांना कोथिंबिरीतले इतके कळते हे मला माहीतच नव्हते.

नवकोन

माजघर यांचे म्हणणे मान्य आहे. ही पद्धत शिकलेले पुष्कळ लोक ‘मी पाचवा आहे, मला हे जमत नाही’ असे सांगून मोकळे होतात, आणि तसे होण्यात तिच्या मूळ हेतूचा पराभव आहे.

सातारकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या काळात आम्ही आईला भेटायला साताऱ्याला जाऊन आलो.

‘कोपऱ्यातली खुर्ची’ यांचे ऐकून मी गाडीतच विषय काढला. संगमनेर सोडल्यावर रस्त्याकडे पाहतच म्हणाले की मागच्या वर्षी तू आईजवळ बसला नाहीस याचे मला अजून वाईट वाटते, आणि वही मला सापडली आहे. तो काही बोलला नाही. पूर्वी मी इथे दुसरे वाक्य बोलले असते आणि मग तिसरे. या वेळी ओठ दाबून गप्प राहिले. नारायणगाव मागे पडल्यावर तो म्हणाला, ‘तिथे सगळे जण काहीतरी बोलत होते. मला बोलण्यातले कळत नव्हते, औषधांतले कळत होते.’ आणखी थोड्या वेळाने म्हणाला, ‘गोळीचे सांगितले असते तर तू घाबरली असतीस.’ खंबाटकीचा घाट येईपर्यंत आम्ही दुसरे काही बोललो नाही, पण तो गप्पपणा मला जड वाटला नाही.

घरी पोहोचल्यावर माजघर मावशींचा नियम लावला. आईजवळ चहा संपेपर्यंत बसायचे आणि काय बोलायचे ते सुचले नाही तर वही दाखवायची, असे त्याला आधीच सांगून ठेवले होते. आईने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाली, ‘जावईबापू, पेन्सिलीचे मला दिसत नाही हो.’ तो उठून बाहेर गेला तेव्हा मला वाटले, संपले. अर्ध्या तासाने तो राजवाड्याजवळच्या दुकानातून एक दुरेघी वही आणि काळे जाड पेन घेऊन परत आला, आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला आणि सध्या चालू असलेली औषधे मोठ्या अक्षरांत उतरवू लागला. आई शेजारून सांगत होती की ती पांढरी गोळी शेवटी लिहा, ती फार कडू लागते, आणि तो तिला विचारत होता की कडू लगेच लागते की गिळल्यानंतर.

अर्ज मी भरला आहे.